हाताला काम, वाटेला नाम

मुळशी तालुक्यातल्या माण गावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ‘प्रार्थना’ हा शब्द कानावर येतो तो बहुधा शाळेच्या संदर्भात. सकाळी शाळेत प्रार्थना होते. घरात मात्र कोणी ‘प्रार्थना करतो’ असे म्हणत नाही. घरात दिवा लावतात, हात जोडतात, माळ ओढतात, हरिपाठ म्हणतात, नवस बोलतात, नारळ फोडतात, काकड्याला जातात. ही क्रियापदे एका ओळीत मांडून पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येकात हाताचे, पायाचे नाहीतर तोंडाचे काहीतरी काम आहे. सगळे कामकाज थांबवून, डोळे मिटून, एकट्याने देवाशी बोलायचे, हा अर्थ यांतल्या कशातच नाही.

तसा अर्थ मराठीत आला तो प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना झाली. डॉ. आत्माराम पांडुरंग, न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर अशी मोठी माणसे त्या कामात होती. त्यांनी ठरावीक वारी, ठरावीक सभागृहात, उपदेश आणि सामुदायिक उपासना अशी पद्धत रूढ केली आणि त्यासाठी आधार घेतला तो तुकोबांच्या अभंगांचा. हे काम थोर होते, यात शंका नाही. पण या पद्धतीला तीन गोष्टी लागतात : मोकळा वार, बसायला जागा आणि रिकामे हात. मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या मधल्या या पट्ट्यात शेतकऱ्याला, धनगराला, बलुतेदाराला आणि त्यांच्या घरातल्या बायकांना या तिन्ही गोष्टी कधीच एकत्र मिळत नव्हत्या. त्यामुळे इथली उपासना कामाच्या आत आणि वाटेवर घडली.

या लेखात मला जे मांडायचे आहे ते थोडक्यात असे : आपल्या भागात देवाचे नाव घेण्याचा इतिहास हा कामाच्या साधनांचा आणि रस्त्यांचा इतिहास आहे. काम बदलले, वाट बदलली, की नाम घेण्याची रीत बदलते. आज माण, हिंजवडी, चाकण, तळवडे या गावांत जो बदल चालू आहे त्याला ‘श्रद्धा कमी झाली’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते खरे नाही.

जात्याचा फेरा

सुरुवात जात्यापासून करायला हवी, कारण या विषयातला सर्वांत जुना लेखी पुरावा दळणकांडणाचाच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, म्हणजे साधारण ११२९ ते ११३१ या काळात, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० मध्ये. म्हणजे ज्ञानदेवांच्या हातात ओवी आली तेव्हा ती किमान दीडशे वर्षे बायकांच्या ओठांवर होती. मराठीतल्या सर्वांत मोठ्या ग्रंथाचा छंद हा उखळ-मुसळाजवळून उचललेला आहे, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो आणि विसरून जातो.

मुळशीचा या विषयाशी थेट संबंध आहे. गी पॉइटवाँ हे फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले अभ्यासक आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी मुळशीच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून गावोगावच्या बायकांशी संबंध जोडला. त्या कामातून जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह सुरू झाला आणि वाढत वाढत महाराष्ट्रातल्या हजारावर गावांत पोचला. एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या बऱ्याच ध्वनिमुद्रित झाल्या, आणि आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने तो साठा सर्वांसाठी खुला केला आहे. एखाद्या समाजाच्या रोजच्या उपासनेची इतकी मोठी नोंद, तीही बहुतांशी निरक्षर बायकांच्या तोंडून झालेली, दुसरीकडे क्वचितच असेल.

या ओव्या वाचताना त्यांची रचना लक्षात येते. दळण सुरू करताना पहिली ओवी एका देवाला, दुसरी दुसऱ्याला, मग आईबापाला, मग भावाला, अशी मोजणी चालते. देवाची आणि माणसांची रांग एकच असते. जात्यालाच देव म्हटलेले असते, कधी ऋषी. वरच्या तळीचा फेरा, खुंट्यावरचा हात, मुखात घातलेला घास आणि ओवीचा चरण यांचा ठेका एक असतो. श्वास पुरेल एवढाच चरण. म्हणजे ओवीची लांबी ठरवली ती दळणाऱ्या बाईच्या छातीने. समोरासमोर बसून दोघी दळत असतील तर एक म्हणते आणि दुसरी उचलते.

यातला माझ्या विषयाला फार जवळचा भाग म्हणजे या ओव्यांतला प्रवास. पंढरीची वाट, आळंदीची इंद्रायणी, देहूचा डोंगर, वाटेवरची गावे, मुक्काम, सोबतीला कोण, पायाला काटा कुठे लागला, हे सगळे त्यांत आहे. पण दळणारी बाई बहुतेक वेळा घराबाहेर पडलेलीच नसते. घरचा कोणी वारीला गेलेला असतो, तो आज कुठे पोचला असेल याचा हिशेब ती जात्यावर मांडते. पायांनी जी वाट तिला मिळाली नाही ती तिने हातांनी चालली. जनाबाईबरोबर विठोबा दळायला बसला, ही कथा सगळ्या महाराष्ट्राला इतकी प्रिय का, याचे उत्तर इथे मिळते. पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही जनाबाईचे जाते दाखवतात आणि येणारी प्रत्येक बाई त्याच्या खुंट्याला हात लावून पुढे जाते.

इथे एक सावधगिरी हवी. पहाटे तीनला उठून पाच-सहा जणांचे दळण दळणे हे कष्ट होते, आणि तेही रोजचे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. ओवी गेली म्हणून हळहळणारे आपण सगळे पीठ गिरणीतूनच आणतो. पॉइटवाँ आणि राईरकर यांनाही याचे भान होते. जात्यावरची भक्ती आणि मठातली, ग्रंथातली भक्ती यांच्यातले अंतर त्यांनी ‘स्टोनमिल अँड भक्ती’ या पुस्तकात नेमके दाखवले आहे. तरीही इतिहास म्हणून एक नोंद करायलाच हवी. गिरणी आल्यावर दळणाची वेळ वाचली, पण त्या वेळेत दुसरी कोणती उपासना येऊन बसली नाही. हाताचे काम गेले, त्याच्याबरोबर त्याला बांधलेले नाम गेले. जाते उरले ते लग्नातली हळद दळण्यापुरते.

उंबऱ्यापासून घाटापर्यंत

घराबाहेर पडणे ही जुन्या काळी लहान गोष्ट नव्हती. आजही आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. हातावर दही घालतात. देवापुढे सुपारी ठेवतात. भाषेतच इतकी काळजी आहे, कारण घाट उतरून कोकणात मिठाला गेलेला माणूस कधी परत येईल हे ठाऊक नसे.

प्रवासातल्या भीतीच्या जागा ठरलेल्या होत्या : गावची वेस, नदीचा उतार, खिंड आणि घाटाचा माथा. आणि तिथेच देव बसलेले आहेत. वेशीवर मारुती, उताराजवळ आसरा, खिंडीत कोणीतरी शेंदूर फासलेला. दामोदर कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासचा मुलूख पायी पालथा घालून हीच गोष्ट शास्त्रशुद्ध पद्धतीने मांडली. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या पुस्तकात त्यांनी दाखवले की मातृदेवतांची कितीतरी ठाणी गावाच्या मध्यात नाहीत, तर फार जुन्या पायवाटा जिथे एकमेकींना मिळतात तिथे आहेत. गाव नंतर वसले. वाट आधीची, आणि वाटेवरची देवीही आधीची.

त्या वाटांचे सर्वांत देखणे स्मारक मावळातच आहे. कार्ल्याचे चैत्यगृह कोकणातून घाटावर येणाऱ्या व्यापारी मार्गाला लागून कोरलेले आहे. तिथल्या लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल त्यांत आहे, आणि धेनुकाकट या ठिकाणचे स्वतःला यवन म्हणवणारे लोकही आहेत. व्यापारी माल घेऊन घाट चढला, सुखरूप पोचला आणि त्याने एक खांब दिला. दोन हजार वर्षांनंतर त्याच चैत्याच्या तोंडाशी एकवीरा आईचे देऊळ आहे आणि कोकणातले कोळी, आगरी घाट चढून तिच्या दर्शनाला येतात. देव बदलला, भाषा बदलली. घाट चढून आल्यावर हात जोडायची जागा तीच राहिली.

पुढे बोरघाटात १८३० मध्ये गाडीरस्ता झाला आणि १८६३ मध्ये रेल्वे चढली. यंत्राने घाट जिंकला तरी घाटाची भीती गेली नाही. खोपोली-खंडाळा रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. घाटातून वाट काढता येईना तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने इंग्रज साहेबाला वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला मरण मिळाले, अशी लोककथा आहे. ट्रकवाले आजही तिथे वेग कमी करतात, नाणे टाकतात आणि पुढे जातात. ही घटना अशीच घडली का, हा वेगळा प्रश्न. लोकांनी घाटाच्या देवपणाचा मान इंजिनिअरला दिला नाही, वाट ठाऊक असलेल्या धनगराला दिला, हे मात्र नजरेआड करण्यासारखे नाही.

या भागातून सगळ्या महाराष्ट्राला मिळालेली प्रवासाची हाक चिंचवडची. मोरया गोसावी यांनी चिंचवडला पवनेकाठी समाधी घेतली. मोरगावच्या मयूरेश्वराची त्यांची वारी प्रसिद्ध आहे. चिंचवड देवस्थानची मंगलमूर्तींची पालखी आजही भाद्रपदात आणि माघात मोरगावला जाते. ‘मोरया’ हा शब्द गणपतीच्या जयघोषात आला तो या सत्पुरुषाच्या नावावरून, असे परंपरा मानते. एसटी सुटताना, होडी लोटताना, ट्रॅक्टर चिखलातून ओढताना आपण जो गजर करतो त्यात एका वारकऱ्याचे, म्हणजे येरझारा घालणाऱ्या माणसाचे, नाव आहे.

चालते वेळापत्रक

कामाला आणि वाटेला बांधलेल्या या उपासनेचा सर्वांत मोठा आविष्कार म्हणजे पालखी सोहळा. त्याची दोन्ही टोके आपल्या परिसरात आहेत. माणहून देहू आणि आळंदी ही दोन्ही ठिकाणे एका दिवसाच्या चालीवर.

वारी जुनी, ज्ञानदेवांच्याही आधीची. पण पालखीला तारीख आहे. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका घेतल्या आणि दोन्ही एकत्र पंढरीला नेल्या. ‘ज्ञानबा-तुकाराम’ हे भजन त्यांनीच रूढ केले असे मानतात. पुढे दोन पालख्या वेगळ्या झाल्या. साताऱ्याकडच्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी राहिलेले हैबतराव पवार म्हणजेच हैबतबाबा यांनी १८३२ च्या सुमारास आळंदीहून ज्ञानोबांचा स्वतंत्र सोहळा सुरू केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू दिले. तो मान आजही त्या घराण्याकडे आहे. आळंदीच्या महाद्वारातली पहिली पायरी हैबतबाबांची आहे, आणि तिला हात लावल्याशिवाय वारकरी आत जात नाही.

हैबतबाबा सरदारी लष्करातले होते आणि सोहळ्याच्या शिस्तीत ते जागोजाग दिसते : चोपदार, कर्णा, तळ, कूच, रथापुढच्या दिंड्यांचे ठरलेले क्रमांक. पण सोहळ्याचे खरे वेळापत्रक भजनी मालिकेत आहे. पहाटे काकडा. चालायला लागल्यावर मंगलाचरण, भूपाळ्या, वासुदेव, मग गौळणी. दुपारनंतर हरिपाठ आणि त्या-त्या वाराचे अभंग. जेजुरीत खंडोबाचे अभंग. ज्याच्याजवळ घड्याळ नव्हते त्या माणसाला पुढच्या दिंडीत काय चालले आहे यावरून वेळ कळे, आणि कोणाचे अभंग चालले आहेत यावरून ठिकाण कळे. सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता अशा रीतीने लोकांनी तोंडपाठ केला.

हरिपाठ या कामासाठी किती योग्य आहे हेही पाहण्यासारखे आहे. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे सत्तावीस अभंग. त्यांची सुरुवातच देवाच्या दाराशी घटकाभर उभे राहण्याच्या अगदी लहान मागणीने होते. पुढे नामाला वेळ-काळ लागत नाही हे स्पष्ट सांगितले आहे. चरण लहान, चाल पावलाच्या ठेक्याची. नांगर धरलेल्या, डोक्यावर भारा घेतलेल्या, उभ्याने टाळ वाजवणाऱ्या माणसासाठीच ही रचना आहे.

रात्री तळावर समाजआरती होते तेव्हाचा एक प्रघात मला या साऱ्या परंपरेतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. चोपदार चोप उंच करतो आणि हजारो माणसांचे टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकून घेतली जाते आणि तिचा निकाल लागतो. हरवले-सापडले तेही तिथेच पुकारले जाते. सगळे झाल्यावर आरती. देवासमोर उभे राहण्याआधी माणसांचे आपसातले भांडण मिटले पाहिजे, हा नियम कुठल्या ग्रंथात शोधण्याची गरज नाही. तो टाळांच्या आवाजात आहे.

१९०६ मध्ये कुर्डुवाडीहून रेल्वे पंढरपूरला पोचली. पुढे एसटी आली, मोटारी आल्या. प्रवास हाच हेतू असता तर पायी वारी त्याच वेळी संपली असती. ती संपली नाही, उलट वाढली. गाडी मिळत असताना चालणे ही निवड झाली. देहूची पालखी आजही दुसरा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात करते आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यांच्या भिंतींना लागून पिंपरी, कासारवाडी, दापोडीवरून पुण्यात शिरते.

दाराबाहेरचे

ही परंपरा सगळ्यांची होती असे म्हणून पुढे गेलो तर ते अर्धसत्य होईल. चोखोबांची समाधी पंढरपूरला आहे ती देवळाच्या महाद्वारासमोर, बाहेर. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’मधल्या ‘वाटचाल’ या लेखात आपल्या वारीबद्दल लिहिताना ज्या लोकांचा पंढरीला ओढा तो महाराष्ट्र, अशी व्याख्या सुचवली. पण त्याच लेखात दिंडीतल्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या बसतात याची बोचही त्यांनी लपवली नाही. द. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’तही (१९६४) चालण्यातली आपुलकी आणि मुक्कामावरचे भेद शेजारी शेजारी दिसतात. वाटेवर सगळे माउली आणि दाराशी मात्र रांगा वेगळ्या. विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडले ते मे १९४७ मध्ये, साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण मांडल्यावर.

तुकोबांच्या देहूपासून थोड्याच अंतरावरच्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधीची ही घटना. ज्यांना दाराबाहेर ठेवले होते त्यांनी स्वतःचे दार उभारले. दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे येतात, त्रिशरण-पंचशील म्हणतात. या वंदनेत मागणे नाही, नवस नाही; आपण काय करणार नाही याचा शब्द स्वतःला दिलेला आहे. आणि जात्यावरच्या त्याच संग्रहात भीमरावांवरच्या ओव्याही आहेत. रीत तीच, खुंटा तोच, नाव नवे. रोजच्या कामातले नाम हे एका देवाच्या वा एका पंथाच्या मालकीचे नसते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. देहूत तुकोबांची पालखी निघाल्यावर पहिली आरती अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी होते, हेही त्याच ओळीतले.

भोंगा आणि पहारा

१९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६० च्या दशकात औद्योगिक वसाहत झाली, मोटारींचे आणि स्कूटरचे मोठे कारखाने आले. पुढे चाकण आले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत आयटी पार्क सुरू झाला आणि त्याचा तिसरा टप्पा माणच्या शिवारात पोचला. माण ते शिवाजीनगर ही सुमारे २३ किलोमीटरची मेट्रोची मार्गिका इथूनच सुरू होते.

कारखान्याच्या वेळेशी देवाच्या वेळेचा वाद नवा नाही. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी जी साप्ताहिक सुट्टी मिळवली ती १८९० मध्ये रविवारची म्हणून पक्की झाली. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दाही त्या मागणीच्या बाजूने मांडला गेला असे सांगतात. यंत्राच्या आठवड्यात आपल्या देवाला जागा मागणारा हा कामगार होता. यंत्रालाही त्याने परके ठेवले नाही. खंडेनवमीला पूर्वी नांगर, कोयता, तलवार पुजत. आता लेथ, प्रेस आणि फोर्कलिफ्ट यांना झेंडूची माळ आणि हळदकुंकू. साधन बदलले की पूजा त्याच्या मागे जाते, हा इथला नियम इथेही चालला.

मग बिनसले कुठे? माझ्या मते एका गोष्टीत. शेतीच्या गावात सगळ्यांची संध्याकाळ एकाच वेळी होत असे. जनावरे परतली, दिवे लागले, देवळात हरिपाठाला टाळ वाजले. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या गावात संध्याकाळ तीन वेगवेगळ्या वेळी होते. पहिल्या पाळीचा माणूस जेवून आडवा झालेला असतो, दुसऱ्या पाळीचा यंत्रासमोर असतो, रात्रपाळीचा बसची वाट पाहत उभा असतो. आयटीतल्या पोरांची संध्याकाळ तर परदेशातल्या घड्याळावर. देव मानणारे तितकेच आहेत, कदाचित जास्त. गाडीच्या काचेवर माउली आहे, कानात हरिपाठ आहे. चालतानाचे, वाटेतले नाम अजून आहेच. पण टाळ धरायला समोर दुसरा माणूस नाही. हरिपाठ एकट्यालाही म्हणता येतो. तो दिंडीत मात्र दोन रांगा समोरासमोर उभ्या राहून म्हणण्यासाठी घडला आहे. जात्यावरही समोर कोणीतरी होती. आपण जे गमावतो आहोत ते हे समोरचे माणूस.

गंमत अशी की या अडचणीचे उत्तर गावाच्या जुन्या रितीतच आहे, आणि ती रीत म्हणजे चक्क पाळीची आहे. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. रात्रंदिवस कोणीतरी ती गळ्यात घेऊन उभा असतो. त्याला पहारा म्हणतात. ठरावीक वेळ संपली की दुसरा येतो, पहिल्याच्या पाया पडतो, वीणा घेतो. पहिला त्याच्या पाया पडतो आणि घरी जातो. कारखान्याचा भोंगा इथे येण्याच्या कितीतरी आधी या गावांना चोवीस तास चालणाऱ्या कामाची पाळी लावता येत होती. फरक इतकाच की या पाळीत जाणारा आणि येणारा एकमेकांचे तोंड पाहत. सप्ताहाच्या फळ्यावर पहारेकऱ्यांची नावे लावताना आता कोण फर्स्ट शिफ्टला आणि कोण नाइटला हे विचारून घेतात. रात्री दोनचा पहारा पूर्वी म्हाताऱ्यांकडे असे; आता तो दुसऱ्या पाळीवरून सुटलेल्या तरुणाकडे येतो, कारण तसाही तो जागा असतो.

याला मी पुनरुज्जीवन म्हणणार नाही. सप्ताह वर्षातून एकदा असतो, आणि गावात भाड्याने राहणारी, विदर्भ-मराठवाड्यातून किंवा बिहारहून आलेली हजारो माणसे त्या फळ्यावर अजून फारशी नाहीत. पण जी परंपरा जात्याच्या फेऱ्यात, घाटाच्या चढात आणि पालखीच्या तळावर स्वतःला बसवत आली तिला पाळीच्या तक्त्यात बसणे अशक्य नाही. प्रश्न देवाच्या वेळेचा कधीच नव्हता. हरिपाठाने तो सातशे वर्षांपूर्वीच सोडवून ठेवला आहे. प्रश्न माणसांच्या वेळा जुळवण्याचा आहे, आणि फळ्यावर कोणाचे नाव लिहायचे याचा.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा काकड्याचे दिवस असतील. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे देवळात काकडा होतो. कंपनीची पहिली बस गावातून निघते तीही साधारण त्याच सुमारास. बसच्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला देवळातला टाळ ऐकू येतो, आणि देवळातल्यांना बसचा हॉर्न. दोघांत अंतर आहे ते शंभर पावलांचे. ज्या प्रदेशाने अडीचशे किलोमीटर चालून देव गाठला त्याला हे अंतर फार नसावे.